दिव्यानीचा सा

विद्यापीठाच्या संगीत विभागाचं एक पत्रक निघते, दर तीन महिन्यांनी. समोरच्या पानावर 'आगामी कार्यक्रम', मागच्या पानावर 'नुकतेच झालेले उपक्रम'. मागच्या पानावर मी दोनदा आलो आहे. एकदा झाडीपट्टीच्या नाट्यसंगीताची कार्यशाळा झाली तेव्हा हार-नारळासकट फोटो, अन् एकदा विभागातल्या जुन्या पेट्या दुरुस्त करून दिल्या तेव्हा नुसतं नाव. समोरच्या पानावर मी कधीच नव्हतो. एप्रिलच्या पत्रकात तिथी माह्या लेकीचं नाव आलं. 'एम. ए. मंचप्रदर्शन परीक्षा, शनिवार, सकाळी ११, सर्वांस प्रवेश. गायन : दिव्यानी मनसाराम नान्हे. हार्मोनियम साथ : पियुष सर.'

मी ते वाचलं, घडी करून खिशात घातलं अन् बायकोले म्हटलं, "बरं झालं. पियुष सर चांगला माणूस आहे."

कुंता म्हणाली, "मंग तोंड काऊन एवढं उतरलं?"

खोटं कशाले बोलू, मले लागलं होतं. मनसाराम मास्तर म्हटलं की वडशात कोणीही घर दाखवते. अडतीस वर्षं नाटक कंपन्यांमध्ये ऑर्गन वाजवला मी. अन् माह्याच पोरीच्या मागे वाजवाले दुसरा माणूस. पण तिची चूक नव्हती. चूक माह्यीच होती, अन् ती कशी झाली हे सांगतल्याशिवाय पुढचं कळायचं नाई.

आमच्या झाडीपट्टीत ऑर्गनवाला स्टेजवर बसत नाई. तो स्टेजच्या खाली बसते, एकदम मधोमध, नटाकडे तोंड अन् पब्लिककडे पाठ करून. काऊन, तर नटाची हनुवटी दिसली पायजे. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज एक गाव, रोज एक खेळ. आठव्या-नवव्या दिवशी हिरोचा गळा बसतेच. वरचा सूर घ्यायच्या आधी गाणाऱ्याची हनुवटी थोडी उचलते. ती खरी उचलली की भेवून उचलली, हे मले दोन हातांवरून ओळखू येते. भेवून उचलली असली की त्याच्या तोंडातून सूर निघायच्या आत मी तो सूर ऑर्गनवर ठेवून देतो, चांगला मोठा. मंग त्याचा लागो न लागो, पब्लिकले वाटते लागला. याले आम्ही झाकून नेणं म्हणतो. कितीतरी हिरो मी असे झाकून नेले. टाळ्या त्यायले पडल्या. पडू दे ना, माह्यं काय जाते. पाठीमागून आवाज येते तेवढ्यावर आपण खूश.

दिव्यानीले मीच शिकवलं. आमचे बा तलावावर जाळं टाकत, मी ऑर्गनवर बसलो, अन् ही पोरगी थेट विद्यापीठात गेली. छाती फुगणारच माणसाची. मागच्या वर्षी तिची मंचप्रदर्शनाची परीक्षा होती तेव्हा मीच म्हटलं, पेटीवर मी बसतो. तिनं मान हलवली, मले वाटलं आनंदानं.

तिथी स्टेजवर बसायचं होतं, गाणाऱ्याच्या बाजूले, लोकांकडे तोंड करून. मी बसलो, पण असा वाकडा वळून बसलो की पाठ लोकांकडे अन् डोळे तिच्या हनुवटीवर. सवय ती सवय. परीक्षक नागपूरचे होते, पांढऱ्या दाढीचे, हातात पेन. त्यायनं विचारलं, "पेटीवर कोण?" दिव्यानी म्हणाली, "वडशाचे मास्तर आहेत." बाप आहे म्हणून नाई सांगतलं. परीक्षेत बापाले घेऊन कोण बसते, म्हणून असेल. पण माह्या कानात ते राह्यलं.

गाणं सुरू झालं. अंतऱ्यात वरचा सा आला. तिची हनुवटी उचलली, अन् मले दिसलं की पोरगी भेली. मी सा ठेवून दिला. दुसऱ्या वेळी पुन्हा. चार वेळा वरचा सा आला, चारही वेळा मी तिच्या आधी हजर. मले वाटलं, काय मस्त झाकून नेली लेकीले. सतरंजीवरून उठलो तेव्हा मी मनातल्या मनात हसून राह्यलो होतो.

परीक्षक म्हणाले, "मुलीनं सा लावलाच नाही. सा पेटीनं लावला. मी गुण कोणाला देऊ, पेटीला?"

बाकी सगळ्या पेपरात पास, अन् मंचप्रदर्शनात नापास. विभागप्रमुख माधवी मॅडमनं सांगतलं, पुढच्या वर्षी एक संधी मिळेल, शेवटची. बसस्टॅंडवर दिव्यानी एवढंच म्हणाली, "मले सा लागते का नाई, हे मले आताही माहीत नाई, बाबा. तुमी कळूच दिलं नाई." मंग दोन महिने फोन तिच्या आईले यायचा, मले नाई. मी बाजूले बसून आहे हे माहीत असूनही नाई.

आता तुमाले कळलं असेल, पत्रकातलं पियुष सरांचं नाव वाचून मी 'बरं झालं' का म्हटलं अन् तोंड काऊन उतरलं.

परीक्षा शनिवारी. बुधवारी पियुष सर आरमोरीकडून गाडीनं येत होते, रानडुक्कर आडवं आलं. माणूस वाचला, उजवं मनगट मोडलं. माधवी मॅडमनं चंद्रपूरले फोन केले, ब्रह्मपुरीले केले. लग्नसराईचे दिवस, ज्याले पेटी येते तो माणूस ऑर्केस्ट्रात गेलेला. तारीख पुढे ढकलावी तर परीक्षक नागपूरहून एकाच दिवसासाठी येणार. पेटीशिवाय परीक्षा द्यावी तर नियमात बसत नाई.

गुरुवारी सकाळी दहाच्या बसनं दिव्यानी घरी आली. पिशवी ठेवली, पाणी पिली, अन् माह्या समोर खाटेवर बसली.

"बाबा, तुमालेच वाजवा लागते."

मी म्हटलं, "नको पोरी. मी पुन्हा बिघडवीन."

"दोन गोष्टी ऐकाल तर नाई बिघडणार. एक, माह्याकडे पाहायचं नाई. समोर पाहायचं, लोकांकडे. दुसरी, मी लावल्याशिवाय तुमी सूर लावायचा नाई. मी चुकली तर चुकू द्या. पडली तर पडू द्या. झाकायचं नाई."

"अन् नापास झालीस तर?"

"तर मी झाली, पेटी नाई झाली."

कुंता दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलून राह्यली. शिका जरा."

एकसष्ट वर्षांच्या माणसाले दोन दिवसांत नवीन वाजवणं शिकायचं. सोपं वाटते, पुढे न जाता मागून जायचं. करून पाहा मंग कळते. दिव्यानी गळा जपत होती, सारखी गाऊ शकत नव्हती. म्हणून मी कुंताले बसवलं. ती चिंचा फोडत होती. म्हटलं, तू काहीही गुणगुण, मी भिंतीकडे तोंड करून मागून वाजवतो. ती जात्यावरची एक चाल गुणगुणू लागली. दुसऱ्या ओळीलेच मी तिच्या पुढे.

"हे पाहा," कुंता म्हणाली. "बाजारातही तुमी असेच. चार हात पुढे. मी पिशव्या घेऊन मागे. कधी मागं वळून पाह्यलं का, बायको येऊन राह्यली का हरवली?"

"पेटीचं बोल."

"पेटीचंच बोलून राह्यली."

दिव्यानी आतल्या खोलीतून हसली. वर्षभरानं या घरात ती माह्या गोष्टीवर हसली. मी गुमान पुन्हा सुरुवात केली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चिंचा संपल्या, अन् दहातल्या सहा वेळा मी मागे राहू लागलो. दहातल्या चार वेळांचं काय करायचं, हे मले माहीत नव्हतं.

शनिवारी आम्ही तिघं सकाळच्या बसनं गडचिरोलीले विद्यापीठात गेलो. विभागाच्या दारात फळा होता, त्यावर त्या दिवशीचे तीन विद्यार्थी खडूनं लिहिले होते. दिव्यानी दुसरी. पियुष सरांचं नाव पुसून तिथी माह्यं नाव लिहिलं होतं. पियुष सर स्वतः प्लास्टर घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. मले म्हणाले, "मास्तर, गाण्याच्या मागून या, एवढंच." त्यायले सगळी कथा माहीत होती. मी म्हटलं, सगळ्या जिल्ह्याले माहीत आहे वाटते.

परीक्षक तेच. पांढरी दाढी, तोच पेन. माधवी मॅडमनं तिचं नाव पुकारलं.

मी पेटी घेऊन स्टेजवर बसलो. या वेळी सरळ बसलो, मांडी घालून, लोकांकडे तोंड. दिव्यानी माह्या उजव्या हाताले, थोडी पुढे. मले तिची वेणी दिसत होती अन् कानातलं एक डूल. हनुवटी दिसत नव्हती.

अन् समोर लोकं. बाप्पा. अडतीस वर्षांत मले ठाऊकच नव्हतं की ऐकणाऱ्या माणसायले तोंडं असतात. दीडशे माणसं बसलेली, अन् सगळी माह्याकडेच पाहून राह्यली असं वाटलं. होस्टेलच्या पोरी, कुरखेड्याकडून कोणाचे तरी आई-बाप, डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी, मोबाइल वर धरलेला एक पोरगा. मी कुंताले शोधलं. ती तिसऱ्या रांगेत होती, दोन पोरींच्या मधात, मांडीवर पिशवी धरून.

वृंदावनी सारंग होता. बडा ख्याल बरा गेला. मी मागे राह्यलो. दोनदा पुढे जात होतो, जीभ चावून थांबलो. परीक्षक खाली पाहून काहीतरी लिहून राह्यले होते. मंग तीनतालातली बंदिश सुरू झाली, अन् तिचा अंतरा आला.

दिव्यानी पंचमावरून निषादावर गेली अन् तिथी रेंगाळली. हनुवटी दिसत नसली तरी कानाले कळते. श्वास कमी पडला होता तिले. तिनं वरचा सा घेतला अन् तो फाटला. फाटला म्हणजे फाटलाच, नवशिक्यालेही कळावं असा. परीक्षकांचा पेन थांबला. मोबाइलवाल्या पोरानं मोबाइल खाली केला.

माह्यं बोट साच्या पट्टीवर होतं. कधी गेलं मले माहीत नाई. फक्त दाबायचं बाकी. दाबलं असतं तर हॉलमधल्या अर्ध्या लोकायले वाटलं असतं, फाटला कुठी, लागला तर. अन् पोरीले धरायले काहीतरी मिळालं असतं. शेवटची संधी होती तिची. कोणत्या बापाचं बोट वर राहील, सांगा.

मी समोर पाह्यलं. कुंताची मान वर उचललेली होती. तोंड उघडं, गळ्याची शीर ताठ. ती सा लावून राह्यली होती, आवाज न काढता, दिव्यानीसाठी. मी लावतो तसाच. मंग तिची नजर माह्या बोटाकडे गेली. तिनं तोंड मिटलं, अन् हळूच मान हलवली. नाई.

मी बोट उचललं. हात मांडीवर ठेवला. नुसता तबला अन् तंबोरा राह्यला.

एक आवर्तन गेलं. नाटकात एवढा वेळ गप्प राह्यलं तर पब्लिक खुर्च्या वाजवते. इथी कोणीच काही वाजवलं नाई, अन् ते जास्त वाईट होतं. सोळा मात्रा म्हणजे किती, पण मी एकेक मात्रा मोजली. मले वाटलं, आता ती माह्याकडे वळून पाहील. वळली असती तर माह्याच्यानं राहवलं नसतं. ती वळली नाई.

तिनं खालून सुरुवात केली. घाई नाई, काई नाई. मध्यम, पंचम, निषाद. या वेळी निषादावर रेंगाळली नाई. अन् सा लावला. सरळ, भरलेला, तंबोऱ्यात मिसळून गेलेला. कोणाच्या टेकूवर नाई. तिथीच उभी राह्यली ती, किती वेळ, मी मात्रा मोजल्या नाईत.

मी तो सा आधी ऐकला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी सूर आधी ऐकला अन् मंग वाजवला.

कुंताच्या डोळ्यांतून पाणी वाहून राह्यलं होतं. ती पुसत नव्हती, तिचे दोन्ही हात पिशवीवर होते. अन् तिचे ओठ पुढच्या ओळीवर गेलेही होते. तिले अख्खी बंदिश पाठ होती. माह्या घरात राहून, चुलीपाशी बसून, ती सगळं ऐकत आली होती, अन् मले वाटायचं कुंताले गाण्यातलं काई कळत नाई. नाटक पाहून आली की नुसतं 'बरं झालं' म्हणायची. मले वाटायचं, मंडपातल्या तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, बसून झोपत असेल.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. पाठीवर पडणाऱ्या टाळ्या अन् तोंडावर पडणाऱ्या टाळ्या वेगळ्या असतात. मले कुठी पाहावं ते समजेना, मी पेटीचा भाता लावत बसलो.

परीक्षकांनी चष्मा काढला. म्हणाले, "पहिला सा गेला."

"हो सर," दिव्यानी म्हणाली.

"दुसरा कुठून आणला?"

तिनं थोडा विचार केला. "मध्यमापासून, सर. पुन्हा चालत गेली."

त्यायनं काहीतरी लिहिलं. मंग माह्याकडे पाहून तिले विचारलं, "मागच्या वर्षी पेटीवर दुसरे कोणी होते ना?"

मी खाली पाह्यलं. वडशाचे मास्तर, हे शब्द वर्षभर माह्या कानात होते, पुन्हा यायची वाट पाहत होतो.

"नाई सर, हेच होते," दिव्यानी म्हणाली. "माझे बाबा आहेत. मनसाराम मास्तर. मले यायनंच शिकवलं."

परीक्षक माह्याकडे पाहत राह्यले. मंग म्हणाले, "त्या आवर्तनात तुम्ही हात काढून घेतलात. कठीण असतं ते." मी हात जोडले.

दोन तासांनी फळ्यावर यादी लागली. तिघंही पास. दिव्यानीले गुण किती ते तिले विचारा, मले पास पुरे. ती मैत्रिणीयसंगं होस्टेलवर थांबली. जायच्या आधी मले वाकून नमस्कार केला अन् म्हणाली, "बाबा, जूनमध्ये विभागाची संगीत सभा आहे. समोरच्या पानावर नाव देऊ का तुमचं?"

"दे," मी म्हटलं. "पण मागून वाजवीन."

आम्ही दोघं बसस्टॅंडवर येऊन बसलो. ऊन भाजून काढत होतं. कुंतानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मले दिली. मी पाणी पिलो, अन् जे तिसऱ्या रांगेत पाह्यलं ते विचारलं.

"तू नाटकातही असंच ऐकत होती का? तोंडानं सगळं लावून?"

"मंग."

"हिरोसाठी?"

"हिरोले तुमी होते ना झाकाले," कुंता म्हणाली. "तुमची बोटं दमली की खांदा वर जाते तुमचा, उजवा. मले मागून दिसायचं. मंग मी लावत होती तुमच्यासाठी. कोणीतरी पायजे ना तुमालेही."

मी झाकण लावून बाटली तिले परत दिली. अडतीस वर्षं. चिखलातले मंडप, तणसावर बसलेल्या बाया, अन् त्यात ही, माह्या पाठीकडे पाहत, मान वर करून.

"कधी सांगतलं काऊन नाई?"

"तुमची पाठ होती माह्याकडे. पाठीले काय सांगू?"

वडशाची बस लागली. गर्दी होती, लोकं दारात लोटालोटी करू लागले. सवयीनं मी उठून चार पावलं पुढे गेलो होतो. थांबलो, मागे वळलो, तिच्या हातातली पिशवी घेतली अन् कुंताले आधी चढू दिलं.